यंत्र राखावें, टांकी पारखावी

भाद्रपदांत काकांचें वर्षश्राद्ध होतें, त्या निमित्तानें आम्ही गोंदियास गेलों. गोंदिया हें धानाचें गांव. कोणत्याहि रस्त्यानें शहराबाहेर निघावें, भातगिरण्या दिसूं लागतात आणि भरडलेल्या धानाचा तो ओळखीचा वास येतो. या गिरण्यांत अलीकडे तांदूळ निवडणारीं यंत्रें आलीं आहेत. दाणे घसरणीवरून ओळीनें खालीं येतात, कॅमेरा त्यांचा रंग पाहतो, आणि काळा किंवा पिवळा दाणा दिसतांच बारीक छिद्रांतून हवेची एक फुंकर सुटून नेमका तेवढाच दाणा बाजूस उडतो. आमच्या घरांतील स्त्रिया सूप हातीं घेऊन जें काम करीत आल्या, तेंच येथें दाबलेली हवा करते. इकडे देवरीवरून जाणाऱ्या मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावर पंक्चरवाल्याच्या टपरींतहि तीच हवा मालमोटारींच्या चाकांत भरली जाते. अशी हवा तयार करणाऱ्या यंत्रास कारागीर लोक कंप्रेसर म्हणतात, आणि या महिन्यांत आम्हांस वाचकांशीं जें बोलावयाचें आहे तें अशाच एका जुन्या कंप्रेसराविषयीं.

काकांच्या घरामागें पत्र्याच्या छपराखालीं त्यांचा लहानसा कारखाना आहे. आसपासच्या गिरण्यांचे धुरे, चाकें आणि पट्टे दुरुस्त करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. तेथें एक लेथ आहे, एक ड्रिल आहे आणि कोपऱ्यांत १९७४ सालीं घेतलेला एक कंप्रेसर आहे. त्या काळीं अशीं यंत्रें आपल्या देशांत होऊं लागलीं होतीं. पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ सालीं निघाली आणि कोइमतूरची एल्गी कंपनी १९६० सालीं. काकांच्या यंत्रावरील नांवाची पट्टी मात्र झिजून केव्हांच कोरी झाली आहे. टांकीच्या पोटावर दर दसऱ्यास काढलेल्या शेंदराच्या स्वस्तिकांचे थर तेवढे दिसतात. काका थकल्यापासून गेलीं बारा वर्षें तें यंत्र बंदच होतें.

आमचे चुलतबंधु पुण्याची नोकरी सोडून आतां घरीं परतले आहेत आणि तो कारखाना पुन्हां सुरू करणार आहेत. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं ते आम्हांस छपराखालीं घेऊन गेले व म्हणाले, “दादा, नवा कंप्रेसर घेतां येणार नाहीं असें नाहीं. पण खंडेनवमीला बाबांचेंच यंत्र फिरलेलें आईनें पाहावें, एवढी माझी इच्छा आहे.” इच्छा मोठी लोभस होती. तींत धोका कोठें दडला होता, हें आम्हां दोघांसहि त्या वेळीं उमगलें नव्हतें.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांनीं लोहाराचा भाता डोळ्यांपुढें आणावा. गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत अगरिया नांवाची लोखंड गाळणारी जमात आहे. व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं तिच्यावर एक ग्रंथच लिहिला. त्यांचा भाता पायांनीं चालतो. कातड्यास मध्यें भोंक असतें. पाय दाबतांना टांच त्या भोंकावर बसून तें मिटतें व हवा नळींतून भट्टीकडे जाते. पाय उचलला कीं बांबूची कमान कातडें वर ओढते व नवी हवा आंत शिरते. कंप्रेसरांत पायाच्या जागीं दट्ट्या आहे, कातड्याच्या जागीं सिलिंडर, आणि टांचेच्या जागीं पोलादी झडपा. फरक इतकाच, कीं भात्याची हवा लगेच निघून जाते आणि कंप्रेसराची टांकींत कोंडली जाते.

कोंडलेल्या हवेचें बळ किती असतें? आमच्या गृहिणींच्या नित्य परिचयांतलें उदाहरण घेऊं. स्वयंपाकाच्या कुकरांत दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो इतका जादा दाब असतो. काकांच्या टांकींत तो सात किलोंपर्यंत जात असे. टांकीचा व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर. तेव्हां तिच्या एकेका झांकणावर आंतून सुमारें अकरा टनांचा रेटा बसे. दोनशें लिटरची ती टांकी पूर्ण भरली असतां तींत इतकी शक्ति सांठते, कीं तिनें एक टनाचें ओझें पांच मजल्यांच्या घराइतकें उंच उचलतां यावें. टांकी धड आहे तोंवर ती शक्ति आपली चाकरी करते. पत्रा फाटला तर तीच एका क्षणांत बाहेर पडते.

दुरुस्तीसाठीं काकांच्या वेळचे मिस्त्री आले. वय सत्तरीच्या पलीकडचें, पण हात स्थिर. त्यांनीं प्रथम वरचा पंप सोडविला. प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें जुन्या धोतरावर मांडला, कारण परत जोडतांना हाच क्रम उलट वाचावयाचा असतो. पंपाला दोन सिलिंडर आहेत, एक मोठा व एक लहान. मोठा सिलिंडर हवा थोडी दाबतो, ती पंखे लावलेल्या नळींतून निवत जाते व लहान सिलिंडर तिला पुन्हां दाबतो. ही दोन पायऱ्यांची योजना चैनीची नाहीं. तीस अंश उष्णतेची हवा एकाच दमांत सात किलोंपर्यंत दाबली, तर हिशेबानें ती पावणेतीनशें अंशांच्या घरांत जाते. दोन पायऱ्यांनीं दाबून मध्यें निवविली, तर प्रत्येक पायरीस ती सुमारें एकशें पस्तीस अंशांवर राहते. सायकलचा पंप मारतांना त्याचें बूड तापतें, त्यांतलाच हा प्रकार.

लहान सिलिंडराची बाहेरची झडप उघडली तेव्हां तीवर काजळीचा कठीण थर जमलेला दिसला. एका पातीस तडा गेला होता. तेल जळल्यावांचून अशी काजळी धरत नाहीं. म्हणजे पंप वाजवीपेक्षां फार तापत होता. कां, याचें उत्तर मोटरपाशीं मिळालें. मोटर मिनिटास १४४० फेरे घेते आणि पंपाचें चाक सोळा इंचांचें आहे. मोटरवर सहा इंचांची पुली असतां पंप ५४० फेरे घेतो. तेथें बसविलेली पुली मात्र आठ इंचांची होती, म्हणजे पंप ७२० फेरे घेत होता. कोणी तरी अधिक हवेच्या लोभानें ती चढविली होती. चुलतबंधूंनीं मिस्त्रींस विचारलें, “हें कोणी केलें?” मिस्त्री क्षणभर थांबले व म्हणाले, “मालकांनींच जी. हंगाम होता, कामं रखडली होती. मी नको म्हटलं होतं.” बंधु कांहीं बोलले नाहींत. वडिलांच्या हातचें यंत्र म्हणजे वडिलांच्या हातची चूकहि त्यांत आली, हें त्यांना त्या वेळीं प्रथमच कळलें असावें.

पुढील काम सरळ होतें. सिलिंडराच्या आंतला हलका गंज बारीक दगडी घोट्यानें काढला, दट्ट्याच्या कड्या नव्या घातल्या, झडपांच्या पात्या व स्प्रिंगा बदलल्या. तांब्याचे वायसर जुनेच वापरले. वापरानें कठीण झालेलें तांबें लाल होईतों तापवून पाण्यांत बुडविलें कीं पुन्हां मऊ होतें व नीट बसतें. पोलादास हा उपाय करूं नये, तें उलट कठीण होतें. काजळी धुण्यास रॉकेल वापरलें, परंतु धुतलेला प्रत्येक भाग पूर्ण कोरडा झाल्यावरच जोडला. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनेंच तेथें तेल पेटतें. कंप्रेसरांत रॉकेलची वाफ राहिली तर नको असलेला तोच प्रकार येथें घडूं शकतो. तेलहि मोटारीच्या इंजिनाचें न घालतां कंप्रेसरासाठीं म्हणून मिळणारेंच घातलें. आठ इंची पुली काढून सहा इंची बसविली. पंप बरा झाला.

मग मिस्त्री टांकीकडे वळले. खालची पाणी सोडण्याची तोटी गंजून घट्ट झाली होती. ती मोठ्या प्रयासानें सुटली तेव्हां चहाच्या रंगाचें पाणी आणि गंजाचा चिखल बाहेर आला. टांकींत पाणी कोठून येतें, असें वाचक विचारतील. तें हवेंतूनच येतें. पावसाळ्यांत गोंदियाच्या एका घनमीटर हवेंत पंचवीस ग्रामांच्या वर पाण्याची वाफ असूं शकते. ती हवा आठवा हिस्सा होईतों दाबून निवविली म्हणजे त्यांतील वीसहून अधिक ग्राम पाणी धरून ठेवण्याची शक्ति तिच्यांत उरत नाहीं. तासाला दहा घनमीटर हवा दाबली तर पेलाभर पाणी टांकीच्या तळाशीं जमतें. तें रोज सोडलें नाहीं तर तेथेंच बसून पत्रा आंतून खातें. बाहेरचा रंग तसाच राहतो, शेंदूरहि तसाच राहतो.

मिस्त्रींनीं लहान हातोडीनें टांकी वाजवून पाहिली. वरच्या बाजूस घंटेसारखा नाद निघाला, तळाशीं बद्द आवाज आला. आज ध्वनिलहरींनीं पत्र्याची जाडी मोजणारें हातांत मावण्याजोगें उपकरणहि मिळतें. तें तेथें नव्हतें. म्हणून पाण्याची परीक्षा घ्यावयाचें ठरलें. टांकी कांठोकांठ पाण्यानें भरावयाची, आंत हवेचा बुडबुडाहि ठेवावयाचा नाहीं, आणि हातपंपानें चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे साडेदहा किलोंपर्यंत दाब चढवावयाचा. हवेनें ही परीक्षा कदापि घेऊं नये. पाणी जवळ जवळ दाबलें जात नाहीं, त्यामुळें त्यांत शक्ति सांठत नाहीं. पत्रा फुटला तर धार लागते व दाब लगेच उतरतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगेसारखी उसळते.

काटा सहा किलोंवर गेला, सातांवर गेला. बंधूंच्या चेहऱ्यावर आनंद दिसूं लागला. आठ झाले. नऊ किलोंच्या सुमारास तळाच्या सांध्याशेजारून सुतासारखी एक बारीक धार निघाली आणि काटा खालीं आला. कोणीहि बोललें नाहीं.

बंधु म्हणाले, “एवढेंच ना? तेथें पट्टी ठेवून वेल्डिंग करूं. शिवाय ती सातांवर टिकली आहे. आपण पांचांवरच चालवूं.”

मिस्त्री म्हणाले, “पट्टी माराल जी, पण तिच्या बाजूचा पत्रा कुठून आणाल?”

हें उत्तर आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें. भोंक पडतें तें एका जागीं, पण गंज पसरलेला असतो सर्व तळाशीं. पातळ झालेल्या पत्र्यास डाग दिला कीं त्या उष्णतेनें शेजारचा भाग आणखी दुबळा होतो. आज सातांवर टिकलेली टांकी पुढल्या पावसाळ्यांत पांचांवर टिकेल, याची हमी कोण देणार? आपल्या देशांत १९४८ सालीं झालेल्या कारखाने कायद्यांत दाबाखालीं चालणाऱ्या साधनांसाठीं ३१ वें कलम मुद्दाम घातलें होतें, आणि ठरलेला दाब ओलांडला जाऊं नये यासाठीं परिणामकारक उपाय योजावे असें त्यांत सांगितलें होतें. घरामागच्या छपरास कोणता कायदा लागतो हा प्रश्न निराळा. त्या कलमामागचें शहाणपण मात्र तेथेंहि लागतें.

वाद थोडा वाढला. बंधूंचें म्हणणें, टांकी बदलली तर बाबांचें यंत्र बाबांचें उरत नाहीं. आम्हीं मध्यम मार्ग सुचविला, कीं टांकी तशीच शोभेस ठेवावी. तोहि त्यांस पटला नाहीं. इतक्यांत काकू दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं सर्व ऐकलें होतें. त्या म्हणाल्या, “कुकराचें रबर गेलें कीं मी दुसऱ्या दिवशीं नवें आणवीत असें. ‘जुनेंच असूं दे’ असें ते मला कधीं म्हणाले नाहींत. आणि हें तर, तुम्हीच म्हणतां, कुकराच्या सातपट. नातवंडें दिवसभर याच अंगणांत खेळतात.” एवढें बोलून त्या आंत गेल्या. वाद तेथेंच संपला.

नवी टांकी नागपुराहून आणविली. तीवर चालू दाब, परीक्षेचा दाब आणि परीक्षेची तारीख कोरलेली पट्टी आहे. अशी पट्टी नसलेली टांकी किती स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. जुनी टांकी भंगारांत देण्यापूर्वीं मिस्त्रींनीं ती आडवी कापावयास लावली, म्हणजे रंग देऊन ती पुन्हां कोणाच्या गळ्यांत पडूं नये. कापल्यावर आंतला तळ पाहिला. देवीच्या व्रणांनीं भरलेल्या चेहऱ्यासारखा तो पत्रा होता, आणि कांहीं खड्ड्यांत उरलेली जाडी नखाएवढीच होती. बंधूंनीं त्या तळावरून एकदां बोट फिरविलें. त्यानंतर पट्टी मारण्याची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं.

आतां यंत्र बसविण्याविषयीं थोडेंसें. जागा मोकळ्या हवेची व सावलीची असावी. वैदर्भी उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो, आणि पत्र्याखालीं कोंडलेली तापलेली हवाच पंपानें ओढली तर तो थंड कसा राहणार? गोंदियास कोंड्याची धूळ सर्वत्र उडते, म्हणून हवा घेण्याची नळी भिंतीबाहेर काढून तीस जाळी बसविली व गाळणी दर पंधरवड्यास झटकण्याचें ठरविलें. भिंत व चाक यांमध्यें हातभर अंतर ठेवलें, कारण चाकाचे आरे हेच पंपाचे पंखे आहेत. मोटर उलटी फिरली तर पंप चालेल, पण वारा त्यावर येणार नाहीं. म्हणून प्रथम क्षणभरच सुरू करून चाकाची दिशा पाहावी. उलटी असल्यास तीन फेजच्या मोटरच्या कोणत्याहि दोन तारांची अदलाबदल वीजतंत्र्याकडून करवून घ्यावी. टांकीखालीं रबराचे तुकडे ठेवावे व तोटीच्या बाजूस किंचित उतार द्यावा. पट्ट्यावर जाळीचें आवरण घालावें. मुलांच्या घरांत यास पर्याय नाहीं.

दाबाचा काटा जुना होता, तो नव्या काट्याशीं ताडून पाहिला. अर्ध्या किलोनें कमी दाखवीत होता, म्हणून टाकला. सुरक्षा-झडप नवी बसविली. ही झडप कुकराच्या सुरक्षा-झडपेची मोठी बहीण होय. ती गळते म्हणून बूच मारणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. त्यांस काय म्हणावें? महिन्यांतून एकदां तिची कडी ओढून ती मोकळी आहे ना, हें पाहावें. शेवटीं सर्व सांध्यांस रिठ्याचा फेंस लावला. जेथें बुडबुडे येतील तेथें गळती. तीन ठिकाणीं आले, तिन्ही कसले.

नवरात्रांत आम्ही पुन्हां गोंदियास गेलों. खंडेनवमीच्या सकाळीं हत्यारांची पूजा झाली. काकूंनीं नव्या टांकीवर स्वतः स्वस्तिक काढलें व बंधूंनीं बटण दाबलें. दोनशें लिटरची टांकी सात किलोंपर्यंत भरण्यास बाहेरची चौदाशें लिटर हवा लागते. घड्याळ लावून पाहिलें, सहा मिनिटांत काटा सातांवर पोहोंचला आणि यंत्र आपोआप थांबलें. काकू शेवटपर्यंत ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पूर्वीं हा इतका शांत नव्हता.”

मिस्त्री हंसून म्हणाले, “पूर्वीं आम्हांला घाई होती, बाई.”

वडिलोपार्जित यंत्रें, विहिरी, माळे, जिने पुष्कळ घरांत असतात आणि त्यांवर आपलें प्रेम असतें. तें असावेंच. परंतु प्रेमानें पत्र्याची जाडी वाढत नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या पडवींत असें एखादें जुनें यंत्र झांकून ठेवलेलें असेल, तर त्यांनीं तें अवश्य चालू करावें. मात्र आधीं जाणत्या माणसाकडून टांकीची पाण्यानें परीक्षा घ्यावी, आणि परीक्षेंत जें उतरणार नाहीं त्यास हात जोडून निरोप द्यावा. राहिला तो एकच नेम. काकांच्या कारखान्यांत आतां रोज दिवेलागणीस काम थांबतें, बंधु दाब उतरवितात, खालची तोटी उघडतात व पेलाभर गढूळ पाणी बाहेर सोडतात. एवढ्या कामास अर्धें मिनिट लागतें.